चित्रावरून निदान : तूलूज-लोत्रेकच्या अस्थिविकाराचा वाद

चित्रकार आंरी द तूलूज-लोत्रेक (१८६४–१९०१) याची उंची सुमारे दीड मीटरपुढे गेली नाही. १८७८ व १८७९ मध्ये लहानशा अपघातांत त्याच्या मांड्यांची हाडे लागोपाठ मोडली. मारोतो व लामी या फ्रेंच वैद्यांनी १९६२ मध्ये ‘पिक्नोडिसोस्टोसिस’ हा दाट परंतु ठिसूळ हाडांचा आनुवंशिक विकार स्वतंत्रपणे वर्णिला, आणि १९६५ मध्ये तोच या चित्रकारास जडला असावा असे प्रतिपादिले. या प्रतिपादनाच्या प्रमाणपद्धतीचे परीक्षण येथे कर्तव्य आहे.

ठेंगणेपण व अस्थिभंग ही प्रत्यक्ष प्रमाणे होत. परंतु टाळू न भरणे व हनुवटी आत असणे ही विकाराची लक्षणे टोपी आणि दाढी यांवरून अनुमानिली आहेत. टोपी व दाढी तर तत्कालीन पॅरिसमध्ये असंख्य पुरुषांची होती. लक्षण दिसत नाही ते झाकल्यामुळेच, हा तर्क कोणत्याही निदानास सारखाच उपयोगी पडतो. म्हणून तो एकासही सिद्ध करीत नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे अस्थिभंगसमयी हाडांची घनता पाहणे शक्यच नव्हते.

उरतो वंशवृक्ष. चित्रकाराचे आईवडील ‘कझिन’ होते एवढेच सांगण्यात येते. मराठी येथे अधिक नेमकी आहे : ती मावसभावंडे होती, म्हणजे चित्रकाराची आजी व आजीच्या नात्याची दुसरी स्त्री, त्याच्या आईची आई, या सख्ख्या बहिणी. चुलत, मामे वा मावस, अपत्यातील धोक्याचे गणित बहुधा तेच. पण दोष कोणत्या शाखेत शोधावयाचा हे नात्याचा शब्दच सांगतो. वडिलांची बहीण व आईचा भाऊ यांचाही परस्परविवाह झाला होता. त्या घरातील काही अपत्यांतही खुजेपण होते. खरी कसोटी तेथे होती. दोन्ही घरांची लक्षणे जुळतात काय, हा प्रश्न टोपीहून मोलाचा होय. नात्यातील विवाहाने अप्रभावी दोषाची शक्यता वाढते. तो दोष कोणता, हे मात्र ठरत नाही.

चरित्रकार ज्यूलिया फ्राय यांनी १९९५ मध्ये या निदानावर आक्षेप घेतला. १९९६ मध्ये कॅथेप्सिन-के या विकराचे जनुक विकाराचे कारण म्हणून सिद्ध झाले. जिवंत कुटुंबात आता त्याची तपासणी करता येते. भाषाशास्त्रात पुनर्रचित रूपापूर्वी तारका लावण्याचा प्रघात आहे. मृताच्या निदानासही ती लावलेली असावी.