‘परिचर’ कोणाचा? : नटिंग व डॉक यांच्या शुश्रूषेतिहासाचें परीक्षण

ज्या त्रैमासिकांत बखरी, करीने, महजर आणि निवाडपत्रें यांची चर्चा व्हावयाची, त्यांत रोग्यांच्या शुश्रूषेवरील एका अमेरिकन ग्रंथाचें परीक्षण कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर दुहेरी आहे. एक तर या ग्रंथाच्या आरंभीं आपल्या चरकास आणि अशोकास साक्षीस उभें केलें आहे, आणि साक्ष नीट नोंदली गेली कीं नाहीं हें पाहणें संस्कृतज्ञांचें कर्तव्य आहे. दुसरें असें कीं, ग्रंथकर्त्रींपैकीं एकीनें आपल्या धंद्याचे जुने कागद, पत्रें व पुस्तकें पुष्कळ वर्षें नेटानें जमविलीं. म्हणजे ती आपल्याच संप्रदायांतली होय.

ग्रंथाचें नांव ‘नर्सिंगचा इतिहास’. त्याचे खंड चार. पहिले दोन मेरी अ‍ॅडिलेड नटिंग व लॅव्हिनिया डॉक या दोघींच्या नांवें १९०७ सालीं न्यूयॉर्क व लंडन येथें पटनम यांनीं प्रसिद्ध केले. पुढील दोन १९१२ सालीं निघाले. ते मुख्यत: डॉकबाईंच्या हातचे आहेत. आज या ग्रंथास शंभरांहून अधिक वर्षें झालीं. एवढ्या जुन्या ग्रंथाचे दोष काढणें सोपें असतें. परंतु तो कां लिहिला गेला हें समजल्यावांचून त्याचे दोषही नीट समजत नाहींत, आणि त्यासाठीं नटिंगबाईंचें चरित्र थोडक्यांत सांगणें भाग आहे.

नटिंगबाई १८५८ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत जन्मल्या. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १८८९ सालीं परिचारिकांची शाळा निघाली, तिच्या पहिल्या तुकडींत त्या दाखल झाल्या. १८९१ सालीं त्या उत्तीर्ण झाल्या व १८९४ सालीं त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या. त्या काळीं अमेरिकेंत अशा शाळांस शाळा म्हणत, पण त्यांची घडण वेगळी होती. रुग्णालयास हात हवे असत. ते स्वस्तांत मिळावे म्हणून त्यानें शाळा चालवावयाची, विद्यार्थिनींनीं दिवसरात्र वॉर्डांत राबावयाचें आणि उरल्या वेळीं, थकल्या डोळ्यांनीं, व्याख्यान ऐकावयाचें. नटिंगबाईंनीं याविरुद्ध तक्रारीचा सूर न लावतां मोजदाद केली. निरनिराळ्या शाळांत विद्यार्थिनी किती तास काम करितात याची आंकडेवारी त्यांनीं गोळा केली व १८९६ सालीं ती शाळाप्रमुखांच्या सभेपुढें मांडली. त्याच सुमारास आपल्या शाळेंत त्यांनीं शिक्षणक्रम तीन वर्षांचा आणि कामाचा दिवस आठ तासांचा केला. १९०१ सालीं, वॉर्डांत पाऊल ठेवण्यापूर्वीं सहा महिने शिकविण्याचा पूर्वतयारीचा वर्ग काढला.

१९०७ सालीं त्या न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत प्राध्यापक झाल्या. विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळविणारी ही पहिली परिचारिका होय. १९१० सालीं श्रीमती हेलन हार्टले जेन्किन्स यांच्या देणगीवर तेथें ‘नर्सिंग व आरोग्य’ असा स्वतंत्र विभाग स्थापन झाला व तो त्यांच्या हातीं आला. या विभागाचें विशेष असें कीं, वस्तींत, शाळेंत आणि घरोघर जाऊन काम करणाऱ्या परिचारिका तयार करण्याकडे त्याचें लक्ष होतें. आणि त्यांचें प्रत्यक्ष शिक्षण लिलियन वॉल्ड यांच्या हेन्री स्ट्रीट संस्थेच्या साहाय्यानें होई. वॉल्डबाईंनीं १८९३ सालीं, मेरी ब्रूस्टर या सहकारिणीसह, न्यूयॉर्कच्या पूर्वभागांतील परदेशांहून आलेल्या गरिबांच्या वस्तींत हें काम आरंभिलें. एके दिवशीं एक लहान मुलगी आपल्या बाळंतीण आईकडे त्यांना हातीं धरून घेऊन गेली, तेथून हें सर्व निघालें, असें त्या स्वत: सांगत. डॉकबाई याच संस्थेंत सुमारें वीस वर्षें राहिल्या. म्हणजे ग्रंथाच्या दोघी कर्त्या, एक विद्यापीठांत आणि एक वस्तींत, एकाच कार्याचीं दोन टोंकें धरून होत्या. नटिंगबाई १९२५ सालीं निवृत्त झाल्या आणि १९४८ सालीं वारल्या. डॉकबाई १९५६ सालीं.

आतां ग्रंथाकडे वळूं. पहिल्या खंडांत हिंदुस्थान, सिंहलद्वीप, मिसर, बाबिलोन, यहुदी, ग्रीस व रोम असा क्रम घेऊन पुढें ख्रिस्ती धर्मसेविका, मध्ययुगीन सेवासंघ, पॅरिसचें जुनें रुग्णालय यांचें वर्णन येतें. मग सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंतच्या काळास ‘अंधारयुग’ म्हणून दाखविलें आहे. नंतर जर्मनींतील कैसरस्वर्थ, इंग्लंडांतील नाइटिंगेलबाई आणि अमेरिकेंतील शाळा. रचना पाहतांच आपल्या वाचकांस ओळख पटेल: ही वंशावळ आहे. आरंभीं सुवर्णयुग, मध्यें कुळाची पडती, शेवटीं पुनरुद्धार. आपल्या कित्येक घराण्यांच्या हकीकती याच सांच्याच्या असतात, आणि त्या कां रचल्या जातात हें इनामाच्या खटल्यांचे कागद वाचलेल्यांस सांगावयास नको. ज्या धंद्यास समाज मोलकरणीचें काम समजत होता, त्यास विद्यापीठांत आसन मागावयाचें होतें. तेव्हां कूळ दाखविणें प्राप्त झालें.

वंशावळीचा मूळपुरुष मात्र तपासला पाहिजे. चरकाच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचर, आणि रोगी. त्यांत परिचराचे गुण चार: उपचाराचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच. नटिंग व डॉक यांस संस्कृत अवगत नव्हतें. त्यांची सगळी भिस्त इंग्रजी भाषांतरांवर. भाषांतरांत ‘नर्स’ हा शब्द आला कीं इंग्रजी वाचकापुढें पांढऱ्या पोशाखांतील सुशिक्षित स्त्री उभी राहते. मुळांत शब्द पुल्लिंगी आहे. सुश्रुतानें चौतिसाव्या अध्यायांत परिचराकडून ज्या अपेक्षा केल्या आहेत, त्यांत तो बलवान् असावा, त्यास किळस नसावी, तो थकणारा नसावा, असें आहे; हें वर्णन अंगमेहनतीच्या सेवकाचें आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘अनुराग’ या गुणाची. हा अनुराग कोणावर? चरकाचा शब्द आहे ‘भर्ता’, आणि तो सप्तमींत आहे. भाषांतरकार येथें ‘रोगी’ असें करितात. तें प्रसंगास धरून आहे, पण त्यानें एक गोष्ट झांकली जाते. भर्ता म्हणजे भरण करणारा, पोटास घालणारा. येथें रोगी व धनी एकच आहे. परिचर हा त्याच्या घरचा माणूस आहे. पंधराव्या अध्यायांत रोग्यासाठीं बांधावयाच्या गृहाचें आणि स्वयंपाक, स्नान, अंगमर्दन, उठविणें-बसविणें यांत वाकबगार सेवकांचें जें वर्णन आहे, त्यास पाश्चात्य लेखनांत प्राचीन हिंदु रुग्णालयाचा नकाशा म्हणून मान मिळत आला आहे. परंतु अध्यायाचा आरंभ आणि शेवट वाचावा. हा सर्व संभार राजासाठीं, राजतुल्य पुरुषासाठीं अथवा विपुल द्रव्य असणाऱ्यासाठीं आहे, असें आचार्य स्पष्ट सांगतात. दरिद्री मनुष्यावर प्रसंग आला तर त्यानें असा संभार न जुळवितांच औषध घ्यावें. हें रुग्णालय नव्हे. ही श्रीमंताच्या घरची सिद्धता आहे.

अशोकाची गोष्ट निराळी. दुसऱ्या शिलालेखांत मनुष्यांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड, विहिरी व वृक्ष यांचा उल्लेख आहे. त्यांतील ‘चिकित्सा’ या अर्थाच्या प्राकृत शब्दाचें ‘रुग्णालयें’ असें जें भाषांतर रूढ झालें, तें शब्दापलीकडे जातें. चिकित्सा म्हणजे उपचार; इमारत, खाटा व परिचर यांविषयीं लेख मौन धरितो. सार्वजनिक आरोग्यशाळेस बळकट पुरावा हवा असेल तर तो पांचव्या शतकाच्या आरंभीं आलेल्या फाहियानाच्या वृत्तांतांत पाहावा. पाटलिपुत्रांत दरिद्री व व्याधिग्रस्त लोकांस औषध व अन्न देणाऱ्या धर्मशाळा त्यानें नमूद केल्या आहेत. तथापि तेथेंही शुश्रूषा करणारीं माणसें कोण, त्यांस कोणी शिकविलें, याचा उल्लेख नाहीं.

या दुरुस्त्या अभिमानास कमीपणा आणणाऱ्या वाटतील. पण त्यांनींच नटिंगबाईंचें खरें कर्तृत्व उजेडांत येतें, असें आमचें मत आहे. त्यांच्या सर्व चरित्राचा प्रश्न एकच होता: परिचारिकेचा भर्ता कोण? चरकाच्या काळीं तो धनिक रोगी होता. हॉपकिन्समध्यें त्या शिकत होत्या तेव्हां तो रुग्णालय होता, आणि त्यानें भरणाच्या मोबदल्यांत शिक्षण गिळलें होतें. म्हणून शाळेस स्वत:चा निधी हवा, ती रुग्णालयाच्या खर्चाचें एक कलम म्हणून राहूं नये, हें त्या जन्मभर मांडीत राहिल्या. १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखसंग्रहाचें नांवच परिचर्याशाळांच्या भक्कम आर्थिक पायाविषयीं आहे. आणि हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकेनें या प्रश्नास जें उत्तर दिलें, तें प्राचीन कोणत्याही ग्रंथांत मिळत नाहीं. ज्याच्याजवळ संभार नाहीं, त्याच दरिद्र्याच्या दारीं शिकलेली परिचारिका जाते, आणि तिचा पोशिंदा त्या घरचा कोणी नसून समाज असतो. चरकानें ज्यास संभारावांचून औषध घ्यावयास सांगितलें, त्याच्यापासून हें शास्त्र नव्यानें सुरू होतें. ग्रंथकर्त्रींनीं आपल्या कामास चार हजार वर्षांचें कूळ लावावयास जाऊन, त्यांत नवें काय होतें तें स्वत:च झांकलें. वंशावळीचा हा दोष सर्वत्र सारखाच आहे. पूर्वज मोठे करतांना हयात माणूस लहान होतो.

‘अंधारयुगा’विषयींही सावधगिरी हवी. त्या काळच्या इंग्रजी रुग्णालयांतील दाईंच्या व्यसनांचीं व निष्काळजीपणाचीं वर्णनें बहुतेक सुधारकांचीं आहेत. पराभूत पक्षाची बखर उपलब्ध नाहीं, तेव्हां जेत्याच्या बखरीवरून निवाडा देऊं नये. त्या अडाणी बायांचे स्वत:चे कागद नाहींत, कारण त्यांस लिहितां येत नव्हतें आणि त्यांविषयीं कोणी लिहून ठेविलें नाहीं.

ग्रंथाचा खरा जोर दुसऱ्या खंडापासून पुढें आहे. येथें कर्त्या आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टी, संस्थांचे नियम, वार्षिक अहवाल आणि पत्रव्यवहार यांच्या आधारें लिहितात. डॉकबाई आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या प्रारंभापासून १९२२ पर्यंत चिटणीस होत्या. देशोदेशींची माहिती त्यांच्या टेबलावर येत असे, व ती तिसऱ्या-चौथ्या खंडांत उतरली आहे. पक्षपात येथेंही आहे, पण तो उघड आहे, आणि साधनें मूळचीं आहेत. या काळावर लिहिणाऱ्यास हे खंड टाळतां येणार नाहींत.

नटिंगबाईंची दुसरी कामगिरी, जी आपल्या वाचकांस अधिक भावेल, ती त्यांचा संग्रह. शुश्रूषेसंबंधीचीं जुनीं पुस्तकें, नाइटिंगेलबाईंचीं पत्रें, लहानसहान पत्रकें असें पुष्कळ साहित्य त्यांनीं टीचर्स कॉलेजांत जमविलें. १९२९ सालीं त्याची सूचीही छापून निघाली. पहिल्या खंडाच्या आरंभींचीं प्रकरणें उद्यां कोणी वाचणार नाहीं, तरी हा संग्रह राहील. लेखक म्हणून त्या कांहीं ठिकाणीं चुकल्या. संग्राहक म्हणून चुकल्या नाहींत, कारण क्षुद्र कागदाची किंमत त्यांस कळली होती.

ही किंमत आपल्याकडे कळली आहे काय? रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन स्थापन झालें व त्यानें ससून रुग्णालयांत परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येच्या पदवीचे वर्ग सुरू झाले. या मार्गाचा मराठींतील साधार इतिहास लिहावयाचा तर साधनें कोठून आणावीं? कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखक एका गांवीं पोथ्यांच्या शोधांत गेला होता. रद्दीवाल्याच्या दुकानीं एका जुन्या धर्मार्थ दवाखान्याच्या परिचारिकावर्गाचें हजेरीबुक आढळलें. अर्धें अगोदरच पुड्यांस गेलें होतें. उरलेल्या पानांवर मुलींचीं नांवें, रात्रपाळीच्या खुणा आणि ‘आजारी’ असे शेरे होते. एकीच्या नांवापुढें अठरा रात्रपाळ्या लागोपाठ होत्या. प्रस्तुत लेखकानें दोन क्षणिक कारणांसाठीं तें घेतलें नाहीं: हातांत पोथ्यांचें ओझें होतें, आणि हें कांहीं ऐतिहासिक साधन नव्हे असें वाटलें. पुढल्या खेपेस गेलों तेव्हां तें नव्हतें. नटिंगबाईंनीं १८९६ सालीं जी मोजदाद केली, तीस अशाच वह्या लागल्या असतील, हें या ग्रंथाचें वाचन करितांना ध्यानांत आलें.

म्हणून सभासदांस विनंती अशी कीं, दप्तरांचे रुमाल सोडतां-सोडतां दवाखाना, सूतिकागृह अथवा परिचारिकावर्ग यांच्या वह्या हातीं आल्या तर त्या बाजूस टाकूं नयेत. नांव, गांव व साल टिपून मंडळाकडे धाडाव्या. सनदेवर शिक्का असतो म्हणून ती आपोआप जपली जाते. हजेरीबुकावर शिक्का नसतो. त्यास जपणारें माणूसच लागतें.

ग्रंथाविषयीं एकंदर मत असें: प्राचीन भाग मूळ संस्कृत ग्रंथ पुढें ठेवूनच वाचावा, अर्वाचीन भाग साधनग्रंथ म्हणून संग्रहीं असावा, आणि कर्त्रीची संग्राहकवृत्ति आपण उचलावी. इत्यलम्.