'करणी'तील कर्ता : जादूटोण्याच्या अर्थाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

अहिल्यानगरलगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात वावरताना वाहनांना व दुकानांच्या दारांना टांगलेली लिंबू-मिरची सहज नजरेस पडते. ही प्रथा निरुपद्रवी वाटते. परंतु आपले वाईट चिंतणारे कोणीतरी आहे, हे गृहीत तिच्यामागे असते. याच गृहीताचे उग्र रूप म्हणजे 'करणी'. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

शब्द आणि परंपरा

'जादू' हा फारसीतून आलेला शब्द. 'करणी' मात्र 'करणे' या क्रियापदापासून बनला आहे आणि अथर्ववेदातील 'कृत्या' हा शब्दही 'कृ' याच धातूपासून आला आहे. कृत्या तिच्या कर्त्यावरच उलटावी, अशी मागणी करणारी सूक्ते त्या वेदात आहेत. म्हणजे शब्दाच्या रचनेतच कर्ता अध्याहृत आहे. 'तिला आजार झाला' या वाक्याला कारण पुरते. 'तिच्यावर करणी झाली' म्हटले की माणूस शोधावा लागतो.

इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने 1937 साली प्रसिद्ध केलेल्या अझांडे जमातीवरील ग्रंथात हीच मानसिकता नोंदविली आहे. वाळवीमुळे धान्यकोठार कोसळते, हे त्या लोकांना ठाऊक असते. नेमक्या याच माणसांवर व याच वेळी ते का कोसळले, या प्रश्नाचे उत्तर मात्र ते चेटकात शोधतात.

आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा दृष्टिकोन येथे उद्बोधक आहे. दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेव अशा तपस्व्याने स्वतःच्याच देहाला दिलेल्या यातनांचे वर्णन करतात. येथे भर शत्रूवर होणाऱ्या परिणामावर नसून कर्त्याच्या मूढतेवर आहे.

कायद्याने बदललेला कर्ता

मानवत (जि. परभणी) येथील 1972 ते 1974 या काळातील हत्यासत्र गुप्तधन व अपत्यप्राप्तीच्या अघोरी कल्पनांशी जोडले गेले. तेथे बळी घेतले ते माणसांच्या हातांनी, मंत्रांनी नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी विधेयक संमत केले.

'जादू खोटी असेल, तर तिच्याविरुद्ध कायदा कशासाठी?' असा प्रश्न विद्यार्थी वर्गात हमखास विचारतात. त्याचे उत्तर अधिनियमाच्या संहितेतच आहे. हा कायदा जादूचे अस्तित्व मान्य करीत नाही. अनुसूचीतील 12 बाबींमध्ये वर्णन केलेल्या कृत्यांना तो गुन्हा ठरवितो. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हे त्यांपैकी एक. जारणमारण वा चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणे अथवा नग्न धिंड काढणे, हेही त्यात येते. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत आहे. अशा रीतीने 'कर्ता' बदलतो : आळ घेणारा आरोपी ठरतो आणि जिच्यावर आळ येतो, ती पीडित.

मर्यादा व निष्कर्ष

तथापि, कायद्याला उच्चारलेला आळ व घडलेले कृत्य लागते. गावातील कुजबुज बहुधा नाव घेत नाही. विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणे, एकाकी वृद्धेच्या हातचे लहान मुलाला खाऊ न देणे, अशा मूक वर्तनाचा पुरावा गोळा करणे अवघड असते. शिवाय 'जादूटोणाविरोधी कायदा' हे रूढ नावच जादूवर बंदी आल्याचा समज दृढ करते.

सारांश, करणीचा इतिहास हा मंत्रांच्या सामर्थ्याचा नसून दुःखाला माणूस जबाबदार धरण्याच्या सवयीचा इतिहास आहे. 'कोणी केले?' या प्रश्नाऐवजी 'कशाने झाले?' हा प्रश्न विचारण्याची सवय वर्गातच लावता येते. अध्यापकांचे काम तेथूनच सुरू होते.