जॅक गोल्ड : शायलॉकपासून सोबीबोरपर्यंत

जॅक गोल्ड हे नाव आमच्या फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर येते तेव्हा आपण चष्मा शोधत असतो! पण त्यांची दोन चित्रे आमच्या मोआदोनमधील मंडळींनी लागोपाठच्या दोन आठवड्यांत पाहिली, आणि नंतर चहा पिताना जो वाद झाला त्यामुळे चार शब्द लिहावेसे वाटले.

गोल्ड यांचा जन्म १९३० साली लंडनमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. २०१५ साली ते वारले. बीबीसीमध्ये ते आधी फिल्म एडिटर होते. मग त्यांनी छोटे माहितीपट केले आणि तेथून ते टेलिव्हिजन नाटकांकडे वळले. १९६७ साली ‘द लम्प’मध्ये त्यांनी बांधकामावरचे मजूर दाखवले. १९७५ साली ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’मध्ये क्वेंटिन क्रिस्प या समलिंगी माणसाचे आयुष्य मांडले, जॉन हर्ट यांची ती भूमिका फार गाजली. १९९८ सालच्या ‘गुडनाइट मिस्टर टॉम’मध्ये युद्धकाळात लंडनहून खेड्यात पाठवलेला भेदरलेला मुलगा आणि एक एकाकी म्हातारा आहे. समाजाने बाजूला सारलेला माणूस त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा भेटतो. मात्र त्याच्यासाठी ते प्रेक्षकांकडे दयेची भीक मागत नाहीत.

आता वादाचा विषय. १९८० साली गोल्ड यांनी बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेत ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ केले. निर्माते जोनाथन मिलर ज्यू, शायलॉक झालेले वॉरन मिचेलही ज्यू. तरी अमेरिकेत ते दाखवताना ज्यू संघटनांनी निषेध केला. आमच्या मोआदोनमध्येही एक भगिनी म्हणाल्या, “असले नाटक आपल्या माणसाने करावेच कशाला?”

त्यांचे दुःख आम्हाला समजते. मुंबईच्या शाळेत हा धडा चालू असताना सगळा वर्ग वळून आमच्याकडे पाहत असे. आम्हाला नवल वाटे, कारण असा ज्यू आम्ही कधी पाहिलाच नव्हता. कोकणात आमचे वाडवडील शनवार तेली. घाण्यावर तेल काढायचे आणि शाब्बाथला घाणा बंद ठेवायचा. सावकार म्हणजे ज्याच्या दारी आपण जायचे तो. शायलॉक आम्हाला भेटला तो इंग्रजी पुस्तकातून.

गोल्ड यांनी शायलॉकला गोड केलेले नाही. तो चिडका आहे, सुडाने पेटलेला आहे. पण निकालानंतर त्याच्या गळ्यात बळजबरीने क्रूस अडकवला जातो, तेव्हा दयेची मोठमोठी भाषणे करणारी मंडळी कशी आहेत ते उघडे पडते. दोष काढायचा तर रंगवलेले व्हेनिस फिके वाटते, आणि मिचेल यांच्या बोलण्याच्या ढबीमुळे नको तेथे हसू येते. तरीही आमचे मत असे, की हे नाटक लपवून ठेवण्यापेक्षा आपल्या माणसाने केले हे बरे झाले.

दुसरे चित्र ‘एस्केप फ्रॉम सोबीबोर’, १९८७ सालचे. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोलंडमधील त्या मृत्युछावणीत ज्यू कैद्यांनी उठाव केला. सुमारे ६०० कैद्यांपैकी ३०० च्या आसपास बाहेर पडले. युद्ध संपेपर्यंत जगले ते ५० च्या जवळपास. फेल्डहेंडलर यांच्या भूमिकेत अॅलन आर्किन, तर रशियन सैन्यातील ज्यू अधिकारी पेचेर्स्की यांच्या भूमिकेत रुटगर हाउअर आहेत.

दोष येथेही आहेत. सगळे स्वच्छ इंग्रजी बोलतात आणि प्रेमाचा धागा जोडल्यासारखा वाटतो. पण पळताना पकडलेल्या तेरा जणांना आपापल्या बरोबर मरायला आणखी एकेक जण निवडायला लावतात, तो प्रसंग पाहताना आमच्या खोलीत कोणी पेलासुद्धा उचलला नाही. गोळ्यांपेक्षा ती निवड अंगावर येते. आणि उठाव सुरू होतो तो शिंप्याच्या नि चांभाराच्या कामाच्या जागी. कोट आणि बूट अंगाबेताने बघायला म्हणून अधिकाऱ्यांना एकेकटे बोलावले जाते. ज्या कसबासाठी या कारागिरांना जिवंत ठेवले होते, तेच कसब त्यांचे हत्यार झाले. हातावर पोट असलेल्या आमच्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हिंदुस्थानात आपल्याला कोणी छळले नाही, ही देवाची कृपा. त्यामुळे इस्राएलमध्ये शोआची गोष्ट निघाली की आपण गप्प बसतो; ती दुसऱ्यांची गोष्ट वाटते. त्या संध्याकाळी तसे वाटले नाही. शायलॉकवर वाद घालणारी तीच भगिनी शेवटी म्हणाली, “हे नातवंडांबरोबर पुन्हा बघायला हवे.”

आम्हीही तेच सुचवतो. दोन्ही चित्रे पाहावीत, आधी शायलॉक आणि मग सोबीबोर. एकात एकटा ज्यू हात चोळत न्यायालयातून बाहेर जातो. दुसऱ्यात शेकडो जण मिळून दरवाजाकडे धावतात. एकाच दिग्दर्शकाने सात वर्षांच्या अंतराने ही दोन्ही दृश्ये आपल्यापुढे ठेवली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.