खंडोबाच्या यादीबाहेरची बायको

मराठी लोकसंस्कृतीवर लिहिणाऱ्या मंडळींना खंडोबा फार प्रिय आहे. त्याचे कारण उघड आहे. या देवाने जातीजातींत लग्ने केली. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंप्याची, फुलाई माळ्याची आणि चंदाई तेल्याची. या चंदाईला मुसलमान आपल्यातली मानतात. पाच बायका आणि पाच जाती. एवढी यादी दिली की लेखक पुढचे वाक्य लिहायला मोकळा होतो : खंडोबा हा समन्वयाचा देव आहे, त्याच्या संसारात महाराष्ट्रातील सारा समाज एकत्र नांदतो. या 'समन्वय' शब्दाची झडती घ्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

हा शब्द फक्त अभिजन अभ्यासकांच्या तोंडी असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण तो आता आपल्या माणसांच्या भाषणांतही ऐकू येतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी ठरवले. त्या वाचनाने पुराणांचा अर्थ लावण्याचा भटांचा मक्ता मोडला. त्याचे मोल कमी लेखण्याचा विचारही माझ्या मनात नाही. पण फुल्यांनी हा अर्थ लावला तो गुलामाला जाग यावी म्हणून, नव्या देव्हाऱ्याची प्रतिष्ठापना व्हावी म्हणून नव्हे. आज 'खंडोबा आपला, बहुजनांचा' एवढे म्हटले की त्याच्या दारात काय घडले हे विचारायचेच नाही, अशी एक सवय आपल्याला लागू पाहते आहे. देव कोणाचा, या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याची बायको म्हणवून घेणाऱ्या बाईचे काय झाले?

आधी यादीतल्या बायका पाहू. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी गाभाऱ्यात आहे. बाणाईचे देऊळ गडाच्या निम्म्या वाटेवर आहे. लोककथा सांगते की दोघी सवतींचे पटेना, म्हणून देवाने अशी वाटणी केली. भांडण सवतींचे होते हे खरे मानले, तरी वाटणी कोणत्या न्यायाने झाली? वरची जागा वाण्याच्या लेकीला आणि निम्मी वाट धनगराच्या लेकीला. लोकगीतांतली म्हाळसा बाणाईला नावे ठेवते, तीही तिच्या स्वभावावरून नाही. तिची जात, तिचे राहणे, तिचे मांस-मासळीचे खाणे, हेच तिच्या बोलण्याचे विषय असतात. म्हणजे देवाच्या चुलीपाशीसुद्धा सोवळे-ओवळे आहेच. देवाने जात ओलांडली, पण जात मात्र त्याच्याबरोबर गड चढून वर गेली.

बाणाईच्या लग्नाची कथा लोक प्रेमाची कथा म्हणून गातात. ती जरा थांबून वाचावी. सारीपाटात हरून देव बारा वर्षांच्या वनवासाला निघतो, रूप पालटतो आणि बाणाईच्या बापाकडे चाकर राहतो. इथपर्यंत कोणालाही वाटेल, देव धनगराचा गडी झाला, केवढी ही समता! पण पुढे काय होते? हा चाकर धन्याची सारी शेळ्यामेंढरे मारून टाकतो. मग म्हणतो, तुझी पोर दे, कळप जिता करून देतो. धनगराचे सर्वस्व म्हणजे त्याचा कळप. ज्याच्या हातात कळप मारण्याची आणि जगवण्याची सत्ता, त्याला पोर नाकारण्याची ताकद त्या बापात कुठून येणार? गावगाड्यात सावकाराने, पाटलाने, वतनदाराने हेच केले. हातचे काढून घ्यायचे, मग उपकार म्हणून परत द्यायचे आणि त्या उपकाराची किंमत घरातल्या बाईच्या रूपाने वसूल करायची. लोककथेने हा व्यवहार लपवलेला नाही. तो प्रामाणिकपणे सांगितला आहे. आपल्या समीक्षेने मात्र त्यावर भंडारा उधळला.

दुसरीकडे संस्कृत माहात्म्याची परंपरा आहे. तिला ही कथाही सोसवली नाही. तिने म्हाळसेला पार्वती केले आणि बाणाईला गंगा केले. धनगराची पोर धनगराची म्हणून देवाची बायको झाली, हे ग्रंथाला मान्य होण्यासारखे नव्हते. तेव्हा ती मुळातच स्वर्गातली होती असे ठरवून टाकले. बाईला मोठेपण द्यायचे तर आधी तिची जात पुसायची. गोव्यात म्हार्दोळला हीच म्हाळसा 'म्हाळसा नारायणी' झाली. तिथे ती विष्णूचा मोहिनी अवतार मानली जाते आणि तिच्या अंगावर जानवे आहे. देवी वर चढते तेव्हा तिच्या अंगावर काय चढते, हे यावरून दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या आपल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवले आणि १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. समन्वयवादी मंडळी यावर म्हणतील, मग खंडोबाने दुसरे काय केले? उत्तर सोपे आहे. बाबासाहेबांना रक्ताची सरमिसळ हवी होती, ती माणसामाणसांत सोयरेपण निर्माण व्हावे म्हणून. खंडोबा वाण्याचाही जावई झाला आणि धनगराचाही. पण त्यामुळे वाणी आणि धनगर एकमेकांचे व्याही झाले का? माळ्याने तेल्याकडे मुलगी दिली का? पाच जातींनी एका देवाला पोरी दिल्या आणि आपसांत एकही दिली-घेतली नाही. दर वर्षी पौष पौर्णिमेला पालीला म्हाळसेचे लग्न थाटाने लागते. वऱ्हाडी घरी परततात आणि आपल्या मुलांची लग्ने आपापल्या जातीत लावतात. देवाने जात मोडली म्हणजे माणसाने ती मोडण्याची गरज उरत नाही. या समन्वयाने समाजाला दिली ती एवढीच सोय.

आता यादीबाहेर पाहू. पाच जातींच्या या प्रचलित यादीत महाराची लेक नाही, मांगाची लेक नाही. मग ती देवाच्या संसारात आलीच नाही का? आली. हजारोंनी आली. फक्त तिला बायको म्हटले नाही, मुरळी म्हटले. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरात आजार हटत नाही, म्हणून आईबापांनी नवस बोलायचा आणि पहिले मूल खंडोबाला वाहायचे. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. मुलीला नवरीसारखे नटवायचे, भंडारा लावायचा, नऊ कवड्यांचा गाठा तिच्या गळ्यात बांधायचा आणि देवाशी तिचे लग्न लावायचे. तिला लग्न या शब्दाचा अर्थ कळण्याआधीच ती सवाष्ण झालेली असे. इतर कष्टकरी जातींतल्याही मुली वाहिल्या गेल्या, हे खरे. पण या प्रथेचा मोठा भार महार-मांगांच्या लेकींनी वाहिला.

वाघ्या आणि मुरळी यांची जोडी आपण एका दमात उच्चारतो. त्या दोघांच्या वाट्याला मात्र एकच भोग आला नाही. वाघ्या हा देवाचा सेवक, देवाचा कुत्रा म्हणवून घेणारा. त्याला लग्न करता येते, संसार थाटता येतो, त्याच्या पोरांना बापाचे नाव मिळते. मुरळीला लग्न करता येत नाही. कारण ती देवाची बायको! देवाच्या कुत्र्याला संसार आहे आणि देवाच्या बायकोला नाही. हे एक वाक्य नीट ध्यानात धरले तर धर्म बाईला कोणत्या भाषेत फसवतो, हे समजायला दुसऱ्या ग्रंथाची गरज पडू नये.

बायको म्हटले की नवऱ्याच्या घरात ताट आले, मिळकतीत हक्क आला. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांतील देवदासींना निदान इनाम जमिनी तरी असत. मुरळीला काय मिळाले? हातात घंटी, पुढे भीक मागायचा कोटंबा आणि रात्रभर जागरण. देव रात्री येत नव्हता. त्याच्या नावाने गावातला जो येई त्याला नकार देण्याचा अधिकार तिला नव्हता, कारण तिचा कोणी माणूस नवरा नव्हता. यातल्या कितीतरी जणी शेवटी शहरांतल्या वेश्यावस्तीत पोहोचल्या. गावात देवाची बायको होती, कामाठीपुऱ्यात कोणाचीच नव्हती.

इथे यादी स्वतःच एक साक्ष देते. फुलाई माळीण ही मूळची मुरळीच होती, असे परंपरा सांगते. रंभाई शिंपीणीलाही मुरळ्यांची आद्य मानतात. म्हणजे मुरळी आणि बायको यांच्यात विधीचा फरक नव्हता. ज्यांची गाणी झाली, ज्यांना ठाणे मिळाले, त्या देवाच्या बायका ठरल्या. ज्यांना ठाणे मिळाले नाही त्या भिकारणी ठरल्या. ठाणे कोणाला मिळायचे याचा निर्णय देवाच्या मनात झाला, असे ज्याला मानायचे असेल त्याने मानावे. मला तो गावगाड्यात झालेला दिसतो.

या मुरळीचा इतिहास कोणी लिहिला? खंडोबावर मोठे काम झाले आहे. रा. चिं. ढेरे यांचा 'खंडोबा' हा ग्रंथ १९६१ चा. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्यातली कितीतरी वर्षे धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची परंपरा समजून घेण्यात घालवली. त्या कष्टांपुढे मान लववावी. पण दैवताचा अभ्यास आणि दैवताला बळी गेलेल्या बाईचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मुरळी ही 'उपासक' म्हणून एका प्रकरणात येते. दुसऱ्यात ती पहिल्या पानावर यायला हवी.

तिने स्वतः बोलायला सुरुवात केली ती आपल्या चळवळीच्या कागदावर. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले आणि मुरळीप्रथेविरुद्ध मोहीम उघडली. त्या अंकांत शिवूबाई या मुरळीचे पत्र छापले गेले. ते वाचून कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड पुढे झाले आणि त्यांनी शिवूबाईंशी लग्न केले. माझ्या मते मराठी दलित साहित्याची पूर्वपीठिका सांगताना हे पत्र अग्रभागी ठेवले पाहिजे. देवाशी लागलेले लग्न एका बाईने लेखणीने मोडले, आणि तेही पांढरपेशा स्त्रियांच्या आत्मकथनांचे कौतुक सुरू असलेल्या काळात, अस्पृश्य वस्तीतून. आमच्या अभ्यासक्रमांत ते का नाही?

१६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांची सभा भरली. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. बाबासाहेबांनी तिथल्या स्त्रियांना स्पष्ट बजावले, आमच्याबरोबर यायचे तर हे जिणे सोडावे लागेल. पोटाचे काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. पण त्याचे उत्तर मी देणार नाही, मार्ग पुष्कळ आहेत, असे सांगितले. आज वाचताना हे बोल कठोर वाटतात. मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. या बायांना दयेची पात्रे न मानता निर्णय घेऊ शकणारी माणसे मानणारा त्यांना भेटलेला तो पुढारी होता. मात्र पोटाचा प्रश्न त्यांनी आमच्यावर सोपवला होता. तो आम्ही कितपत उचलला, याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

कायदे झाले. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे वा देणे हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेतच होता. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुली वाहणे बेकायदा ठरवले आणि देवदासीचे माणसाशी झालेले लग्न कायदेशीर मानले. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा आपला स्वतंत्र कायदा केला. १९३४ आणि २००५ या दोन सालांत एकाहत्तर वर्षांचे अंतर आहे. पहिल्या कायद्याने काम भागले असते तर दुसरा का करावा लागला?

साहित्याचेही तेच. यल्लम्माच्या जोगतिणीला उत्तम बंडू तुपे यांचा 'झुलवा' भेटला, राजन गवस यांची 'चौंडकं' (१९८५) भेटली. खंडोबाच्या मुरळीला त्या तोलाची कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती गाण्यांत आणि रंगमंचावर रंगीत लुगडे नेसून नाचते. आज जागरणाच्या पार्टीत मुरळी म्हणून उभी राहणारी प्रत्येक बाई देवाला वाहिलेली असते असे नाही. पुष्कळदा ती पोटासाठी कला करणारी कलावंत असते. तिला कलावंत म्हणून पुरेसे मानधन आणि पुरता मान मिळालाच पाहिजे. पण 'लोककलेचा वारसा' या गोड शब्दाखाली मूळ मुरळीला पुरून टाकण्याचा हक्क कोणालाही नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे थोडक्यात असे. खंडोबाच्या पाच बायकांवर निबंध लिहा, जरूर लिहा. पण यादी पाचवर थांबवू नका. गावोगावी म्हाताऱ्या मुरळ्या असतील, त्यांच्या लेकी-नाती असतील, त्यांच्याकडे जा. देवाविषयी विचारू नका, त्यांच्याविषयी विचारा : नवस कोणी बोलला, गाठा कोणी बांधला, शेत कोणाला गेले, शाळेत बापाचे नाव काय लिहिले. जी समीक्षा हे प्रश्न विचारणार नाही तिने समन्वय हा शब्द वापरू नये. देव कोणत्या जातीच्या घरी जेवला यावरून समता मोजता येत नाही. जिच्या गळ्यात त्याच्या नावाचा गाठा बांधला, ती त्या रात्री जेवली का, हे आधी पाहावे लागते.