निःशब्द चित्रपटाची साक्ष : सुखदेव यांचा 'इंडिया ६७'

इतिहाससंशोधकानें चलच्चित्राची परीक्षा करावी काय, अशी शंका कित्येकांस येईल. कागद पुढें आला म्हणजे तो कोणीं, केव्हां व कोणासाठीं लिहिला हें आपण प्रथम पाहतों; चित्रपटासहि तीच कसोटी लावतां येते. एस्. सुखदेव यांनीं सरकारी फिल्म्स डिव्हिजनकरितां तयार केलेला 'इंडिया ६७' हा सुमारें तासाभराचा रंगीत चित्रपट या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

त्यांत निवेदन नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. इ. स. १९४८ त स्थापन झालेल्या या खात्याचे माहितीपट चित्रगृहांत मुख्य खेळापूर्वीं सक्तीनें दाखविले जात, आणि पडद्याआडचा आवाज काय पाहावें व काय समजावें हें प्रेक्षकास सांगे. सुखदेव यांनीं तो आवाजच काढून टाकिला. ज्या वर्षीं चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मद्रास, बंगाल, बिहार, पंजाब इत्यादि ठिकाणीं काँग्रेसची सत्ता गेली, त्या वर्षाचें हें देशदर्शन सरकारी खर्चानें, पण सरकारी आवाजावांचून झालें.

परंतु शब्द नाहींत म्हणून चित्रपट मुका ठरत नाहीं. दारिद्र्याच्या चित्रास श्रीमंतीचें चित्र भिडविलें कीं जुळणी करणारा बोललाच. आणि सुखदेव येथें कांहींसें मोठ्यानें बोलतात. सत्यजित राय यांनींहि या ढोबळ विरोधांपेक्षां बारीक तपशील पसंत केले होते : तापल्या वाळूवरून सरपटणारा काळा किडा, उभ्या सायकलवर मुतणारें रस्त्यावरचें कुत्रें, वादकाच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंब. रायांची आवड रसिकाची. आमचें कारण निराळें. विरोध हा कर्त्याचा अभिप्राय होय, कुत्रें ही अनाहूत साक्ष होय. हिशेबाच्या समासांत सहज लिहिलेली ओळ पुष्कळदां बखरीच्या वर्णनापेक्षां अधिक विश्वासार्ह ठरते, त्यांतलाच हा प्रकार.

आम्हां वऱ्हाडकरांस हा भेद चांगला समजावा. इ. स. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या हवालीं झाला. १९०३ त हैदराबादच्या रेसिडेंटाकडून निघून नागपूरच्या चीफ कमिशनरकडे गेला. १९५६ त मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. या फेरफारांचे तह व हुकूम आहेत. पण अकोल्याच्या कापूसबाजारांत गाडी सोडून बसलेल्या शेतकऱ्यास त्या दिवशीं काय निराळें दिसलें, हें त्यांत नाहीं. कदाचित् कांहींच दिसलें नसेल. आणि कांहीं न बदलल्याची गोष्ट विरोधाच्या जुळणीनें दाखवितां येत नाहीं. तिला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ कसा द्यावा याचें उदाहरण युरोपांत सांपडतें. बेल्जियमच्या शांताल आकेरमन यांनीं 'देस्त' (१९९३) या चित्रपटांत, सोविएत संघ १९९१ त मोडल्यानंतरचा, पूर्व जर्मनीपासून मॉस्कोपर्यंतचा प्रवास दाखविला. कॅमेरा वाट पाहणाऱ्या माणसांपुढून सावकाश सरकत जातो. कोणी टक लावून पाहतो, कोणी तोंड फिरवितो. निवेदन नाहीं, लोकांच्या बोलण्याचें भाषांतरहि नाहीं. तरी राज्य मोडलेल्या मुलखांतलें ताटकळणें पुरतें कळतें. बडनेऱ्याच्या फलाटावर रात्रीच्या गाडीसाठीं ज्यानें मुक्काम ठोकला असेल त्यास तर तें अधिकच कळेल.

दोष एकच, पण आमच्या धंद्यांत तो मोठा : ही रांग कोणत्या गांवची, दिवस कोणता, हें 'देस्त' सांगत नाहीं. मितीवांचून पत्र जसें, तसें तें चित्र. 'इंडिया ६७' मध्येंहि स्थळाची ओळख बहुधा पाहणाराच्या माहितीवर राहते. पडद्यावर शब्द नकोत हें मान्य. पण चित्रणाच्या स्थळांची व तारखांची यादी प्रतीबरोबर अवश्य ठेवावी. अमरावती-अकोल्याकडे कोणाच्या घरीं जुन्या चित्रफिती असतील त्यांनींहि, ओळख सांगणारीं माणसें हयात आहेत तोंच, डब्यावर गांव व साल लिहून ठेवावें.