टिपणवही कोणाच्या ताब्यात?

पाठांच्या आखण्या, प्रयोगांतील निरीक्षणे, मुलांनी विचारलेले अवघड प्रश्न अशी शिक्षकाची टिपणे म्हणजे त्याचा अनेक वर्षांचा संचय असतो. कागदी वहीची जागा संगणकाने घेतली, तेव्हा २००८ साली आलेली एव्हरनोट ही सेवा जगभर वापरली जाऊ लागली. एका ठिकाणी लिहिलेले सर्व उपकरणांवर दिसणे, चित्रातील मजकूरही शोधता येणे, हे तिचे गुण मान्यच केले पाहिजेत.

२०२३ च्या प्रारंभी ही सेवा बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विनामूल्य खात्यावर ५० टिपणे व एक वही अशी मर्यादा आली. जुनी टिपणे वाचण्याची व बाहेर काढण्याची मुभा राहिली, हे खरे. परंतु वहीचे नियम वहीवाल्याने नव्हे, तर दुसऱ्याच कोणी ठरवायचे, हे त्यातून स्पष्ट झाले.

यावर ‘स्वतःचा सर्व्हर उभारा’ असा उपाय सुचवला जातो. जॉप्लिन ही मुक्त स्रोत प्रणाली एव्हरनोटमधून काढलेल्या एनेक्स फाइली वाचते आणि घरच्या संगणकावर बसवलेल्या नेक्स्टक्लाउडमध्ये टिपणे साठवू शकते. जुना संगणक किंवा छोटासा रास्पबेरी पाय त्यासाठी पुरतो. सल्ला चांगला आहे. पण तो देताना तीन गोष्टींची गल्लत केली जाते.

पहिली, ताबा म्हणजे सुरक्षितता नव्हे. चकती बिघडणे, वीज जाणे, सुधारित आवृत्ती बसवायची राहणे, ही सारी जबाबदारी आता आपल्यावर येते. टिपणे सांकेतिक कुलपात ठेवली आणि परवलीचा शब्द हरवला, तर ती कोणीच परत देऊ शकत नाही.

दुसरी, समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. फोनवर चुकून पुसलेले टिपण सर्व्हरवरूनही तितक्याच तत्परतेने पुसले जाते. वेगळ्या जागी ठेवलेली स्वतंत्र प्रत हवीच.

तिसरी गल्लत सर्वांत महत्त्वाची. टिपण कोठे आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टंकित होई आणि प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी असे. त्या फाइली घरच्याच कपाटात सुखरूप आहेत. पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमधील साधा मजकूर मात्र कोणत्याही संगणकावर वाचता येतो. जॉप्लिन टिपणे मार्कडाउन या साध्या मजकुराच्या रूपात बाहेर देते. सर्व्हरपेक्षा हाच तिचा मोठा गुण होय.

म्हणून स्थलांतराआधी एक प्रयोग अवश्य करावा. चित्र, तक्ता व दुवा असलेले एक टिपण बाहेर काढून, ती प्रणाली नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडावे आणि काय टिकले, काय गळाले याची नोंद करावी. एनेक्स फाइलीत टिपण कोणत्या वहीतले होते हे नोंदलेले नसते. तेव्हा एकेक वही वेगळी काढावी. या कसोटीला उतरणारी साधने वर्गणीची असोत वा घरची, वापरण्यास हरकत नाही. जी उतरत नाहीत, त्यांच्या हाती वर्षांचे काम सोपवू नये.