चौकातले दिवे आणि लावलेले दार

इल्फर्डपासून जवळच, रॉमफर्ड येथे, २०२३ च्या हिवाळ्यात हॅव्हरिंग कौन्सिलने टाऊन हॉलबाहेर हन्नुकाची दीपमाळ उभारण्याचे स्थगित केले. मोडतोड होईल, तंटा वाढेल, ही भीती. ओरड होताच निर्णय फिरला. दिवे लागले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु चौकातल्या दिव्यांवरच आपले यहुदीपण तोलावे, हे आम्हांस पटत नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांना हन्नुका ठाऊकच नव्हता. किप्पूरला ते 'दरफाळणीचा सण' म्हणत. पांढरे नेसून, दार लावून घरात उपास. केहिमकरांच्या इतिहासात हे वाचावयास मिळते. देखावा कसलाच नाही. तरी ते बंद दार साऱ्या गावाला दिसे. शनिवारी घाणा थांबे, म्हणून तर शेजाऱ्यांनी आपल्याला 'शनवार तेली' म्हटले. त्याला कोणाची परवानगी लागली नाही, फक्त एका दिवसाची मिळकत बुडे.

इथे किप्पूरची रजा मागताना आपण साहेबाला 'घरी काम आहे' असे सांगतो, आणि डिसेंबरात चौकात जाऊन फोटो काढतो! वास्तविक हन्नुकाचा दिवा दारात किंवा खिडकीत, रस्त्यावरून दिसेल असा लावावयाचा. धोक्याच्या काळी तो आत मेजावर ठेवण्याची मुभा आहे, हेही खरे. २०२३ साली तो काळ आला होता काय? कौन्सिलला बोल लावणाऱ्या आमच्या घरचा पडदाही त्या आठवड्यात ओढलेलाच होता.